जुन्या जिनिंगमधलं कापूस संग्रहालय: प्रमुखाने आधी काय हातात घ्यावं?

गिरणाकाठ:
चाळीसगाव भागात बंद जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) शेडमध्ये एक ट्रस्ट कापूस-उद्योगाचं संग्रहालय उभारतोय. प्रमुखाची जबाबदारी माझ्याकडे येतेय, शाळांचे कार्यक्रमही त्यातच. इतिहासात एम.ए. झालंय, म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) शिकलेलो नाही. दोन डबल रोलर जिन (सरकी काढायची यंत्रं), गाठी बांधायच्या प्रेसचे सुटे भाग आणि हिशेबाच्या वह्यांच्या पाच-सहा पेट्या आहेत. दिवाळीनंतर शाळा आणायचा ट्रस्टचा आग्रह आहे. सुरुवात कुठून करू? डिप्लोमा आधी करावा का?

तापीकाठ:
भाऊ, सुरुवात नोंदवहीपासून. बांधीव वही, पानांवर क्रमांक, शाईने लिहिलेली. संगणकातली यादी ही तिची प्रत. क्रमांक असा द्या: २०२५.४.१२, म्हणजे वर्ष, त्या वर्षीचा चौथा दाता, त्याची बारावी वस्तू. समोर माप, अवस्था आणि वस्तू दान आहे की ठेव, हे लिहा. "राहू द्या तुमच्याकडे" म्हणून आलेली वस्तू दहा वर्षांनी वारस परत मागतात, तेव्हा दानपत्र नसेल तर तुमच्या हातात काहीच नसतं.

लोखंडावर मार्करने थेट लिहू नका. पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, वर शाईने क्रमांक, त्यावर दुसरा थर. हे ॲसिटोनने केव्हाही निघतं. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती पट्टी शिवा, कागदावर मऊ पेन्सिल.

आणि कळकळीने सांगतो: उद्घाटनाआधी जिनला ऑइलपेंट मारू देऊ नका. आपल्याकडे हे हमखास होतं. बनावटीची ओतीव अक्षरं बुजतात, मूळ रंग जातो आणि रंगाखाली अडकलेल्या ओलाव्याने गंज आतून वाढतो. सुटा गंज ब्रशने काढा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, पावसाळ्यात दर महिन्याला बघा. रोलरच्या चामड्याला तेल पाजू नका, धूळ धरून बसते. स्थिर सुरी रोलरवर दाबलेली असेल तर ताण सैल करा, नाहीतर चामड्यावर कायमची खाच पडते.

वह्या मोडीत किंवा गुजरातीत असू शकतात. वाळवी, बुरशी लागलेल्या आधी वेगळ्या करा. वाचणाऱ्याचा शोध नंतर.

डिप्लोम्यासाठी काम थांबवू नका, पण तो कराच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून स्वतंत्र विभाग आहे.

रुई_सरकी:
शाळांचं बोलते. कार्यक्रम यंत्राभोवती बांधू नका, मापाभोवती बांधा. दोघांत दहा ग्रॅम कापूस द्या, हाताने सरकी काढायला लावा, मग रुई आणि सरकी वेगवेगळी तोला. रुई साधारण ३.३ ते ३.५ ग्रॅम भरते. मग फळ्यावर: ३४ टक्के रुई धरली तर १७० किलोच्या एका गाठीला किती कापूस लागेल? बरोबर पाच क्विंटल. सातवीच्या मुलांना हे गणित चटकन कळतं, आणि घरी कापूस पिकवणारं मूल तर वर्गात सगळ्यांत आधी बोलू लागतं.

फसतं ते काट्यावर. एक ग्रॅमने मोजणारा स्वयंपाकाचा काटा ३ तरी दाखवतो नाहीतर ४. टक्केवारी ३० किंवा ४० येते आणि शिक्षकांना वाटतं कृतीच चुकली. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. दुसरी अडचण ओलसर कापसाची: धागा सरकीला चिकटून राहतो, हातचरकीत (हाताने फिरवून सरकी काढायच्या लहान यंत्रात) तर सरकी फुटते आणि रुईवर डाग पडतात. आदल्या दिवशी दोन तास उन्हात पसरा.

साठ मुलं आली तर पंधराचे चार गट, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, गटामागे एक मोठं माणूस. दम्याचा त्रास असलेली मुलं कोणती, हे शाळेला आधी विचारा. कापसाची धूळ बाधते. पाणी आणि मुलींची स्वच्छतागृहं नीट नसतील तर शाळा दुसऱ्यांदा येत नाही. पहिल्या मोसमात दोनच शाळा घ्या, दिवाळी ते डिसेंबर. नवा कापूसही तेव्हाच मिळतो आणि स्नेहसंमेलनांची धांदल सुरू झालेली नसते.

गिरणाकाठ:
दोघांचेही आभार. जिन चालू करून दाखवावा असं विश्वस्तांचं म्हणणं आहे. जमेल का?

रुई_सरकी:
मुलांसमोर नको. पट्टा आणि सुरीत बोट जायला क्षण लागतो. पट्टा काढून ठेवा, मेन स्विचला कुलूप लावा. त्याऐवजी चालू जिनिंगमध्ये जाऊन तीन मिनिटांचं चित्रीकरण करा, आवाजासकट. मुलांच्या लक्षात आवाज राहतो.

तापीकाठ:
त्यात जुन्या कामगाराला बोलतं करा, आणि तो अहिराणीत बोलत असेल तर तसंच राहू द्या, खाली मराठी ओळी टाका. यावल-रावेरकडचा माणूस लेवा बोलीत बोलेल, तेही तसंच ठेवा. वापराच्या संमतीपत्रावर सही मात्र त्याच दिवशी घ्या, आणि नोंदवहीत त्या चित्रफितीलाही क्रमांक द्या.