घरी टीशर्ट प्रिंटिंगसाठी स्वस्त टेंपरेचर गन कुठली घ्यावी?

कापडवेडी: घरीच स्क्रीन प्रिंटिंग करते, प्लॅस्टिसोल इंक (उष्णतेनेच पक्की होणारी शाई), फ्लॅश ड्रायरखाली (वरून तापवणारा हीटर) सुकवते पण दोन-चार धुण्यात प्रिंटला तडे जातात. कोविडमधली कपाळावर धरायची गन पडून आहे ती चालेल का? बजेट हजार-दीडहजार.

शाईवाला: ताई ती नाही चालणार, ती अंगाच्या तापासाठी, ४३ डिग्रीच्या आसपास संपते. प्लॅस्टिसोलला साधारण १६० सेल्सिअस लागतं आणि तेही थराच्या तळापर्यंत. इंडस्ट्रियल गन घ्या, ४०० पर्यंतची, तुमच्या बजेटात आरामात येते. बॉक्सवर १२:१ लिहिलंय का बघा, म्हणजे १२ सेंमीवरून १ सेंमीचा गोल मोजते, लांबून धरली तर प्रिंटच्या बाजूचं कापडपण मोजणार. आणि लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजत तो नाही.

हीटप्रेसवाली: यात भर, स्वस्त गनची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता किरणांतून बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) ०.९५ वर फिक्स असते, इंक-कापडाला ठीक, पण हीट प्रेसची (गरम प्लेटने प्रिंट दाबायचं मशीन) चकचकीत प्लेट मोजली तर आकडा फारच कमी दाखवते, मग लोक टेंपरेचर वाढवतात आणि कापड करपतं. प्लेटवर मॅट काळा हीटप्रूफ टेप लावून तिथे मोजा.

कापडवेडी: धन्यवाद दोघांनाही! पण गन वरचंच मोजते ना, तळाचं कसं कळणार?

शाईवाला: बरोबर, वरचंच. म्हणून १६० दिसल्यावर लगेच काढू नका, थोडा वेळ टिकू द्या, गार झाल्यावर प्रिंट ताणून बघा, तडे गेले तर कच्चं आहे. ऑर्डर देण्याआधी एक पीस धुऊन बघाच.