मदत हवी आहे: एअर रायफलला नवीन स्टॉक बसवल्यावर ग्रुप पसरतोय

नमस्कार मंडळी, १० मीटर एअर रायफल मारणारं कोणी आहे का इथे? लेकीच्या रायफलचा लाकडी स्टॉक (दस्ता) काढून अॅल्युमिनियमचा अॅडजस्टेबल बसवलाय, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) तिच्या मापाला मस्त जुळले, मान आता वाकडी करावी लागत नाही, पण बालेवाडीच्या रेंजवर मारून बघितलं तर ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरतोय, म्हणजे डावी-उजवीकडे ठीक, वर-खाली मात्र गडबड. पेलेट (छर्रे) तेच, ४.५ मिमीचे, त्याच डब्यातले. हवेच्या सिलेंडरचं प्रेशरही ठीक. टार्गेटवरचा टेनचा (दहा गुणांचा) ठिपका जेमतेम अर्धा मिमी, त्यामुळे एवढासा फरकपण फार महागात पडतो हो.

मला शंका अॅक्शनच्या स्क्रूंची येतेय, म्हणजे रायफलची मुख्य यंत्रणा (अॅक्शन) स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंची. मागचा स्क्रू सैल केला की बॅरल आणि स्टॉकच्या मधे बोट ठेवल्यावर बॅरल किंचित उचललेली जाणवते, म्हणजे अॅक्शन ताणात बसलीये का? टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायचं का, आणि आधी पुढचा की मागचा? टेस्ट सॅंडबॅगवर टेकवून करू की क्लॅम्पमधेच लावायला हवी?

रायफलचं वजन ५.५ किलोच्या मर्यादेच्या आत आहे, ती काळजी नाही. जिल्हा स्पर्धा तोंडावर आलीये, पोरगी खूप मेहनत घेतेय. पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमधे कोणी जाणकार आर्मरर (रायफल दुरुस्त करणारा) माहीत असेल तर प्लीज सांगा.