न्यूरो-ऑन्कॉलॉजी फेलोशिप (अमेरिका): निवडताना नेमकं काय बघावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एमबीबीएस महाराष्ट्रात, सध्या अमेरिकेत न्यूरॉलॉजी रेसिडेन्सी चालू आहे, व्हिसा जे-१ (शिक्षण-प्रशिक्षणासाठीचा). न्यूरो-ऑन्कॉलॉजी (मेंदू-मज्जासंस्थेचे कर्करोग) करायचं पक्कं आहे. एक वर्षाची फेलोशिप घ्यावी की दोन? मोठ्या नावामागे धावावं का? इंटरव्ह्यूत काय विचारावं? आणि पुढेमागे पुण्याला परतायचं ठरलं तर याचा उपयोग किती? संशोधन आवडतं, पण प्रयोगशाळेत आयुष्य काढायचं नाही. "सगळीच ठिकाणं चांगली" या छापाची उत्तरं भरपूर मिळाली आहेत, ती कृपया नकोत.

शेवटचा_बाक
पहिली चाळणी यूसीएनएसची (न्यूरॉलॉजीच्या उपशाखांना मान्यता देणारी संस्था). ही फेलोशिप एसीजीएमईच्या (रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्था) छत्राखाली येत नाही. मान्यताही यूसीएनएसची आणि परीक्षाही त्यांचीच. मान्यताप्राप्त कार्यक्रमांची यादी त्यांच्या साइटवर आहे, त्याबाहेर जाऊ नका.

किमान अट १२ महिन्यांची. दोन वर्षांच्या ठिकाणी बहुधा पहिलं वर्ष रुग्णांचं आणि दुसरं संशोधनाचं असतं. तुमच्यासाठी खरा प्रश्न असा, की दुसऱ्या वर्षाचा पगार कुठून येणार? एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) टी-३२ या प्रशिक्षण अनुदानातून येत असेल तर ते फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतं, जे-१ वाल्यांना नाही. वेबसाइटवर "दोन वर्षं" लिहिलेलं असतं आणि हे ऑफरच्या वेळी उघड होतं. आधीच विचारा.

आता मुख्य कसोटी: केमोची ऑर्डर कोण लिहितं? फेलो स्वतः डोस काढून ऑर्डर घालतो आणि अटेंडिंग (वरिष्ठ डॉक्टर) तपासून सही करतो, की फेलो नुसती नोट लिहितो आणि बाकी सगळं नर्स प्रॅक्टिशनर सांभाळते? न्यूरॉलॉजीतून येणाऱ्याला तपासणी येते, एमआरआय वाचता येतो. केमो येत नसते. ती इथेच शिकायची, नाहीतर राहिली.

उदाहरणार्थ लोमस्टीन, हे केमोचं तोंडी औषध. दर सहा आठवड्यांनी एकच डोस. प्लेटलेट साधारण चौथ्या आठवड्यात तळाला जातात, पांढऱ्या पेशी त्याहून उशिरा, म्हणून दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चांगला आला यावर काहीच ठरत नाही. प्रिस्क्रिप्शन एका डोसपुरतंच द्यायचं, रिफिल नाही. रोजची गोळी समजून घेतल्याने रुग्ण दगावले आहेत, औषधाच्या लेबलवरच तशी ताकीद आहे. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि फार्मसीतून "कॅप्सूल तीन वेगवेगळ्या ताकदींच्या आहेत, रुग्णाला कसं समजावलंय?" असा फोन येणं वेगळं. हा फोन ज्या फेलोला येतो, तो कार्यक्रम चांगला.

घाटमाथा
वरच्याला +१, पण नावाचा मुद्दा इतक्या सहज सोडू नका. नावापेक्षा रुग्णालयाचा प्रकार बघा. मेमोरियल स्लोन केटरिंग किंवा एमडी अँडरसन ही कर्करोगाचीच रुग्णालयं. तिथे ग्लायोमाबरोबर (मेंदूतल्या आधार-पेशींची गाठ) कर्करोगाची मज्जासंस्थेतली सगळी गुंतागुंत दिसते: लेप्टोमेनिंजियल आजार (मेंदूच्या आवरणात पसरलेला कर्करोग), मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबल्याने आलेला पक्षाघात, इम्युनोथेरपीनंतरचा मायस्थेनिया (स्नायू थकण्याचा आजार), कार-टी (रुग्णाच्याच बदललेल्या रोगप्रतिकारक पेशींचा उपचार) नंतरचा आयकॅन्स (मेंदूवरचा दुष्परिणाम). ड्यूक, यूसीएसएफ यांसारख्या विद्यापीठांत मेंदूच्या गाठींची स्वतंत्र केंद्रं आहेत. तिथला गाभा ग्लायोमा. बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये रुग्ण संशोधनाच्या प्रोटोकॉलवरच येतात. ट्रायल चालवायला शिकायचं असेल तर उत्तम, रोजच्या ओपीडीची सवय तेवढ्याने होणार नाही. तुम्हाला पुढे काय करायचंय त्यावर ठरवा.

इंटरव्ह्यूत अटेंडिंगना विचारून काही हाती लागत नाही, सगळे गोडच बोलतात. सध्याच्या फेलोला एकटं गाठा आणि मागच्या आठवड्याचं वेळापत्रक विचारा. नवे रुग्ण किती? तेच रुग्ण पुढच्या स्कॅनलाही तुमच्याकडेच येतात का? ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांच्या बैठकीत) केस तुम्ही मांडता की मागे बसून ऐकता? पॅथॉलॉजीत किती आठवडे? २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर हे ऐच्छिक राहिलेलं नाही. आयडीएच वाइल्डटाइप (आयडीएच जनुकात बदल नसलेली) गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसली तरी टर्ट, ईजीएफआर या जनुकांतला किंवा +७/-१० हा गुणसूत्रांतला बदल सापडला की ती ग्लायोब्लास्टोमाच, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा. मेथिलेशनचा (गाठीच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा) अहवाल वाचता यायलाच हवा.

आणि हे जरूर विचारा: रेडिएशननंतर पहिल्या १२ आठवड्यांत एमआरआयवर गाठ वाढलेली दिसली तर तुमच्याकडे काय करतात? आरएएनओ २.० मध्ये (गाठ वाढली की घटली हे ठरवायचे निकष) रेडिएशननंतरचा स्कॅन हा पाया धरतात, त्यामागे स्यूडोप्रोग्रेशनच आहे (गाठ खरी न वाढता स्कॅनवर वाढल्यासारखी दिसणं). यावर फेलो "अटेंडिंग ठरवतात" म्हणाला तर समजून घ्या. शिवाय अहवाल आता रुग्णाच्या पोर्टलवर लगेच दिसतो, तुम्ही बघायच्या आधी. शुक्रवारी संध्याकाळी घाबरलेल्या नातेवाइकाचा फोन कोण घेतं, तेही विचारा.

तांबडी_माती
व्हिसाचं. एसीजीएमई-मान्य नसल्याने जे-१ नेहमीच्या वाटेने होत नाही. ईसीएफएमजीच्या (परदेशी डॉक्टरांच्या जे-१ ची प्रायोजक संस्था) "नॉन-स्टँडर्ड" प्रकारात अर्ज जातो आणि अमेरिकन बोर्डाची संमती लागते. ज्या कोऑर्डिनेटरने हे आधी कधी केलेलं नाही, तिथे कागद अडकतात. म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचारा: "तुमच्याकडे याआधी जे-१ फेलो झाले आहेत का?" सात वर्षांची मर्यादा आहे, पण रेसिडेन्सीची चार अधिक फेलोशिपची दोन त्यात बसतात.

त्याहून मोठी अडचण नंतरची. वेव्हरसाठी (जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहायच्या अटीतून सूट) बहुतेक जण कॉनरॅड ३० या योजनेकडे जातात: राज्यामागे ३० जागा, तीन वर्षं, शक्यतो डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात. न्यूरो-ऑन्कॉलॉजीची कामं मात्र मोठ्या शहरांतल्या मोठ्या केंद्रांत. त्या ३० पैकी १० जागा राज्याला तुटवड्याच्या भागाबाहेर देता येतात, त्या "फ्लेक्स" जागांवर नजर ठेवा. एरवी तीन वर्षं मायग्रेन-मिरगी बघत काढायची तयारी हवी.

कृष्णाकाठ
टी-३२ आणि नॉन-स्टँडर्डबद्दल कुणीच बोललं नव्हतं, मनापासून आभार. पुण्याचं कुणी सांगेल का?

डॉ_खडूस
स्पष्टच सांगतो. आपल्याकडे टेमोझोलोमाइड (ग्लायोमाची केमोची गोळी) बहुतेक ठिकाणी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट देतात, न्यूरॉलॉजिस्ट नाही. रुग्ण आधी न्यूरोसर्जनकडे जातो, तिथून रेडिएशनला. तुमचा नंबर फिट्स आल्या की लागतो. टाटा मेमोरियलमध्ये निर्णय अनेक विषयांच्या गटात होतात, पण अशी रचना प्रत्येक शहरात मिळेल असं धरू नका. तेव्हा एकट्याने दुकान थाटायचा बेत असेल तर सोडा. कॅन्सर सेंटरमध्ये गटासोबत काम होऊ शकतं. इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कॉलॉजीच्या परिषदेला एकदा येऊन माणसं ओळखून घ्या. केमो दिलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवा: औषध, डोस, किती सायकल, काय दुष्परिणाम. रुग्णालयाने केमोचे अधिकार द्यायचे म्हटलं तर, इथे काय नि तिथे काय, तीच दाखवावी लागेल.

शेवटचा_बाक
एक राहिलं. मेंदूतल्या लिम्फोमाचा हाय-डोस मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध) कुणाच्या वॉर्डात चालतो, विचारा. बऱ्याच ठिकाणी हिमॅटॉलॉजीकडे असतो आणि फेलोला फक्त सल्ल्याला बोलावतात. तुमच्या विभागाकडे असेल तर सोनं. लघवीचा पीएच ७ च्या वर ठेवणं, २४ तासांनी ल्यूकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा), रक्तातली औषधाची रोजची पातळी. स्टेरॉइडवरच्या रुग्णाला न्युमोसिस्टिसपासून (फुफ्फुसाचा संसर्ग) बचावासाठी को-ट्रायमोक्सॅझोल चालू असतं; ते आधी थांबवलं नाही तर मेथोट्रेक्सेट शरीरात अडकतं. पीपीआय (आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या) आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचंही तेच. दाखल करतानाची औषधांची यादी फेलो तपासतो की फार्मासिस्ट, एवढं विचारलंत तरी तिथे काय शिकायला मिळेल ते कळेल.