मदत हवी आहे: कोठीपोटातलं आम्ल कासेपर्यंत जातं कसं? फॅट लागत नाही

डायघरचा_गोठा
आमच्या गाईंच्या दुधाचं फॅट २.६ टक्क्यांवर उतरलंय. दूध कमी नाही, फॅटच नाही. डॉक्टर म्हणाले कोठीपोटातली, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातली, आम्लं नीट शोषली जात नाहीयेत. औषधवाला शोषण वाढवणारी पावडर घ्या म्हणून मागे लागलाय, महाग आहे. मला एवढंच सांगा, ही आम्लं पोटातून रक्तात आणि तिथून कासेत कशी जातात? उद्या सकाळी तो परत येणार आहे, लवकर सांगा.

ऐरोलीकर
कुठल्या गाई? खुराक काय?

डायघरचा_गोठा
एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. खुराक नेहमीचाच. मी शोषणाचं विचारतोय.

मुरबाडी
खायचा सोडा सुरू करा, बाकी काही लागत नाही. आमच्याकडे दरवर्षी पावसाळ्यात हेच होतं आणि सोड्यानेच सुटतं.

गीरप्रेमी_ठाणे
एचएफ काढा आणि गीर आणा. ए-टू दुधाला घोडबंदरच्या सोसायट्यांत दुप्पट भाव मिळतो.

ऐरोलीकर
त्यांनी गाय कुठली घ्यावी असं विचारलेलं नाही हो.

परळची_विद्यार्थिनी
दादा, मी पशुवैद्यक शिकते, सांगते. चारा आंबला की तीन आम्लं बनतात: ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. गाईची जवळजवळ ७० टक्के ऊर्जा यांच्यातूनच येते. त्यासाठी आतड्यापर्यंत जावं लागत नाही, बहुतेक शोषण कोठीपोटाच्या भिंतीतूनच होतं. आतून हात फिरवला तर टॉवेलसारखे जे उंचवटे लागतात ना, तेच शोषणाचं काम करतात.

थोडं आम्ल जसंच्या तसं पेशींत झिरपतं. पण कोठीपोटाचा सामू (पीएच; तो जितका खाली, तितकं आम्ल जास्त) साधारण ६ च्या वर असतो, त्यामुळे बहुतेक आम्ल आयन म्हणजे विद्युतभारित रूपात असतं: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ते वाहक प्रथिनांमार्फत आत येतं आणि बदल्यात बायकार्बोनेट बाहेर टाकलं जातं. म्हणजे शोषण चालू असतं तेव्हा गाय स्वतःच आतून सोडा सोडत असते. पुढे रक्ताच्या बाजूला एमसीटी-१ नावाचं वाहक प्रथिन काम करतं.

ब्युटिरेटचा मोठा भाग भिंतीतच कीटोनमध्ये बदलतो. प्रोपिओनेट यकृतात अडतं, त्याची साखर होते. ॲसिटेट मात्र यकृत ओलांडून कासेत पोचतं. दुधातली साधारण निम्मी स्निग्धाम्लं (ज्यांपासून फॅट बनतं) कास ॲसिटेट आणि त्या कीटोनपासून स्वतः बनवते, बाकीची रक्तातून उचलते.

मुरबाडी
म्हणजे ॲसिटेट कमी पडलं म्हणून फॅट गेलं. मी तेच म्हणतोय, सोडा द्या.

परळची_विद्यार्थिनी
नाही काका. ॲसिटेट कमी पडतं ही जुनी समजूत. पिठूळ खुराक जास्त आणि काडी कमी झाली की कोठीपोटातले जिवाणू बदलतात आणि ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए नावाचं स्निग्धाम्ल तयार होतं. ते कासेत गेलं की चरबी बनवणारी यंत्रणाच मंदावते. २००० साली कॉर्नेल विद्यापीठात हे स्निग्धाम्ल गाईंच्या चौथ्या पोटात सोडून पाहिलं, फॅट खाली आलं.

आणि सामू खाली गेला की शोषण उलट वाढतं, निदान सुरुवातीला. आम्लता फार दिवस राहिली तर भिंत खराब होते, तेव्हा घटतं. म्हणून शोषणाच्या पावडरीवर माझा विश्वास नाही.

मुरबाडी
पुस्तकात काही असो, माझ्या गोठ्यात सोड्याने फॅट वाढतं.

परळची_विद्यार्थिनी
वाढतही असेल, सामू सावरला की जिवाणूही सावरतात. पण खुराक तसाच ठेवला तर पुन्हा उतरेल.

ऐरोलीकर
दादा, पुन्हा विचारतो, खुराक काय? आणि वासराला शेवटच्या धारा पाजता का? शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त असतं.

डायघरचा_गोठा
वासरू नाही, सगळं दूध काढतो. सरकी पेंड, मका भरडा, आणि मुंब्र्याहून बेकरीचे उरलेले पाव. पावसात पेंढा भिजला म्हणून पाव वाढवलेत. इकडे सगळेच देतात.

ऐरोलीकर
हे आधी सांगायला हवं होतं! किती पाव?

डायघरचा_गोठा
मोजत नाही. पाट्या भरून घालतो.

परळची_विद्यार्थिनी
मग तेच आहे. पाव म्हणजे नुसता स्टार्च, झटकन आंबतो. रवंथ कमी, म्हणून लाळ कमी, आणि गाईचा बराचसा सोडा लाळेतूनही येतो. शेण पातळ आहे का? रवंथ करताना गाई किती दिसतात?

डायघरचा_गोठा
शेण पातळ आहे. रवंथ बघितलं नाही. पाव आजपासून बंद करू का?

परळची_विद्यार्थिनी
एकदम नको, दूध पडेल. रोज थोडे कमी करा, तेवढी कोरडी कुट्टी (बारीक कापलेला चारा) वाढवा. कोठीपोटातल्या जिवाणूंना आणि भिंतीला बदल पचवायला आठवडे लागतात, उद्या फॅट दिसणार नाही. गाय चारा सोडून बसली किंवा लंगडली तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

गीरप्रेमी_ठाणे
कोरडी कुट्टी या दिवसांत मिळते कुठे?

मुरबाडी
माझ्याकडे शेडमधला पेंढा आहे, कोरडा. गाडी शीळफाट्याच्या कोंडीत अडकते म्हणून रात्रीच सोडतो. डायघरवाले, मेसेज टाका.

डायघरचा_गोठा
टाकतो. पावडरवाल्याला आता कळवतो, येऊ नको.