मदत हवी आहे: डायलिसिसला (पडद्याच्या पिशवीत बफर बदलायला) लावलं की प्रोटीन खाली बसतंय

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते, राहायला ठाण्यात. दोन महिने एकाच प्रोटीनवर अडकले आहे. ३२ किलोडाल्टन, सहा सिस्टिन (एकमेकांशी डायसल्फाइड बंध जोडू शकणारी अमिनो आम्लं), निकेलला चिकटणारा हिस-टॅग, प्लाझ्मिड पीईटी-२८ए, प्रोटीन बनवणाऱ्या पेशी ई. कोलाय बीएल२१ डीई३.

३७ अंशांवर १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) दिलं की गेलवर जाड बँड येतो, पण सोनिकेशनने पेशी फोडल्यावर सगळं पेलेटमध्ये, म्हणजे तळाच्या न विरघळलेल्या साक्यात. तापमान उतरवा असं सगळेच सांगतात. आमच्या शेकरला कूलिंग नाही आणि मे महिन्यात लॅब तिशीच्या खाली येत नाही. शेवटी ओळखीच्या लॅबमधला शेकर एका रात्रीपुरता मागून घेतला: १८ अंश, ०.२ मिलिमोलर, १६ तास. पहिल्यांदाच सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) प्रोटीन दिसलं! घरी जाताना लोकलमध्ये गेलचा फोटो चार वेळा उघडून पाहिला.

निकेल कॉलमवर २० मिलिमोलर इमिडाझोलने वॉश, २५० ने इल्यूशन (प्रोटीन कॉलमवरून सोडवणं). २५ किलोडाल्टनजवळ एक आगंतुक बँड येतो, बहुधा ई. कोलायचंच स्लायडी प्रोटीन. त्याचं पुढे बघता येईल. पुढच्या आयन एक्स्चेंजसाठी (विद्युतभारानुसार शुद्धीकरण) इल्यूशन ४ अंशांवर डायलिसिसला लावलं: २० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.०, मीठ नाही. सकाळी फ्रीज उघडला तर पिशवीत नासलेल्या दुधासारखे पांढरे कण. टॅगसकट पीआय (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो) ८.६ निघतो, म्हणून ८.० चालेल असं वाटलं होतं.

आता पेलेट ८ मोलर युरियात विरघळवून रीफोल्डिंग करू (प्रोटीनची पुन्हा नीट घडी घालू) की जिवाणूचा स्ट्रेन बदलू? सरांना सोमवारी सांगायचंय.

उत्तर:
ताई, पीएच कुठल्या तापमानाला लावलात? ट्रिस थंड झाला की त्याचा पीएच चढतो, अंशाला साधारण ०.०३. तिशीत लावलेला ८.० फ्रीजमध्ये ८.७ च्या आसपास जातो, म्हणजे नेमका तुमच्या पीआयवर, जिथे प्रोटीन सहज खाली बसतं. त्यात मीठही काढून टाकलंत. हेपेस बफर, पीएच ७.२, घेऊन बघा, ३०० मिलिमोलर मीठ आणि १० टक्के ग्लिसरॉल घालून. आयन एक्स्चेंजच्या आधी मीठ हळूहळू उतरवा. रीफोल्डिंगच्या नादी एवढ्यात लागू नका, सहा सिस्टिन भलत्याच जोड्या लावतील. बीएल२१ च्या सायटोप्लाझममध्ये डायसल्फाइड बंध नीट जुळत नाहीत. तुमच्या प्रोटीनला ते लागत असतील तर ते बंध जुळवू शकणारा शफल स्ट्रेन मागवा.

धागाकर्ती:
टेबलावरच लावला होता, पंख्याखाली. थोडं इल्यूशन उरलंय, आज निम्मं हेपेसमध्ये आणि निम्मं जुन्याच ट्रिसमध्ये लावते. उद्या सकाळी दोन्ही पिशव्यांत काय दिसतं ते इथेच लिहिते. मनापासून आभार.