नो लिमिट रेकॉर्ड्स (१९९६-९९): दादाच्या पन्नाशीसाठी अल्बम सुचवा

रातांबा
मंडळी, जरा आडवळणाच्या विषयात मदत हवी आहे.

माझा दादा १९९७ मध्ये एमएस करायला लुइझियानात, बॅटन रूजला गेला. ९८ च्या डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत आमच्यासाठी बदाम-चॉकलेटं आणि स्वतःसाठी चेनवालं एक जाडजूड सीडी पाउच. मी तेव्हा नववीत. कव्हरं बघून गार पडले. हिऱ्यांनी मढवलेली अक्षरं, सोन्याचा रणगाडा, मागे धूर आणि विजा. दादा दार लावून ऐकत बसायचा आणि आतून कोणीतरी 'अंऽऽऽ' करून कण्हल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी आई ओवा आणि सैंधव घेऊन आत गेली.

ते पाउच पुढे घर बदलताना कुठे गेलं कोणास ठाऊक. दादा अजून हळहळतो. पुढच्या महिन्यात त्याला पन्नास पूर्ण होतायत. गाडीत सीडी प्लेअर नाही, म्हणून पेनड्राइव्ह भरून द्यायचं मनात आहे. अमेरिकी रॅपचं लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी), नाव नो लिमिट आणि मालक मास्टर पी, एवढंच मला माहीत. शोधायला गेले तर अल्बमचा हा ढीग! काय घेऊ, काय सोडू?

कोपऱ्यातली_खुर्ची
रुमाल टाकून ठेवतो.

गंबो_भात
धागा बघून मीटिंग म्यूट केली. मी त्याच वर्षांत ह्यूस्टनला होतो, वायटूकेच्या कामावर. तिकडे तेव्हा नवे अल्बम मंगळवारी यायचे. ९८ साली दर दोन-तीन मंगळवारांनी दुकानात रणगाड्याचा शिक्का असलेलं नवीन काहीतरी असायचंच. त्या एका वर्षात यांनी वीसहून जास्त अल्बम काढले. सीडीतली पुस्तिका उघडली की गाण्यांच्या माहितीपेक्षा येणाऱ्या अल्बमच्या जाहिराती जास्त, दिवाळी अंकासारख्या. एक घेतला की पुढचे चार खुणावायला लागायचे.

तू ढीग म्हणालीस ते खरंच आहे, आणि त्यातला निम्मा भरताड आहे, हे प्रेमाने सांगतोय. चाळणी एकच लाव. रॅपर कोण ते नंतर बघ, आधी संगीत कोणाचं ते बघ. 'बीट्स बाय द पाउंड' लिहिलेलं असेल तर डोळे मिटून घे. केएलसी, मो बी. डिक, क्रेग बी आणि ओडेल ही मुख्य चौकडी. मास्टर पी हा चेहरा आणि गल्ला; लेबलचा आवाज या चौघांचा. ९९ मध्ये ते बाहेर पडले आणि माझ्या लेखी दुकान तिथेच बंद झालं. शिक्का तोच राहिला, आत काही राहिलं नाही. नंतरच्या गोष्टींनी पेनड्राइव्हवर जागा अडवू नकोस.

केएलसीला 'ड्रम मेजर' म्हणतात ते उगाच नाही. न्यू ऑर्लिन्स हे शाळाशाळांच्या मार्चिंग बँडचं गाव. मार्डी ग्रा या तिथल्या सणाच्या मिरवणुकीत पोरं गळ्यात ड्रम अडकवून मैलोन्‌मैल चालतात. तेच त्याच्या बीटमध्ये उतरतं. हेडफोन लावून स्नेअर ड्रम ऐक, निव्वळ ताशाची तर्री! खाली बास म्हणजे ढोल. मी पहिल्यांदा ऐकलं ते मित्राच्या खटारा गाडीत, फ्रीवेवर, आणि मला लक्ष्मी रोडवरचा अनंत चतुर्दशीचा दिवस आठवला होता. खोटं वाटेल, पण तिथेच अडकलो.

सुरुवात 'गेटो डी'पासून. सप्टेंबर १९९७, बिलबोर्डच्या अमेरिकी अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. तुमच्या घरचं ओवा प्रकरण यातलंच. 'मेक एम से अह्' या गाण्यात कण्हतात ते खुद्द मालक. मग फीन्ड, सिल्क द शॉकर, मिया एक्स आणि शेवटी मिस्टिकल. शेजारच्या घरात कडाक्याचं भांडण चालू असावं तसा तो सुटतो. गाण्याचा व्हिडिओही दादाला पाठव. बास्केटबॉलच्या कोर्टावर सोन्याचा रणगाडा आणि सोबत बास्केटबॉलपटू शकील ओ'नील.

पुढे मिस्टिकलचा 'अनप्रेडिक्टेबल' (९७), फीन्डचा 'देअर्स वन इन एव्हरी फॅमिली' आणि सोल्जा स्लिमचा 'गिव्ह इट टू एम रॉ' (दोन्ही ९८). शेवटचा सर्वांत कमी गाजलेला आणि माझा सर्वांत लाडका.

बाराबंदी
अमेरिकेच्या दक्षिणेचं ऐकायचं तर कॅश मनी लेबल ऐका हो. तेही न्यू ऑर्लिन्सचंच. जुवेनाइलचा '४०० डिग्रीज' (९८) एकीकडे आणि हा सगळा रणगाडा एकीकडे. त्यांचा संगीतकार मॅनी फ्रेश, त्याच्यासमोर चौकडी काय टिकणार?

गंबो_भात
@बाराबंदी, मॅनी फ्रेशला साष्टांग नमस्कार. पण दादाच्या पाउचात काय होतं ते विचारलंय. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

खतावणी
एवढे अल्बम का काढायचे, याचं उत्तर हिशेबात आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर भरपाई म्हणून मिळालेल्या १०,००० डॉलरवर मास्टर पीने कॅलिफोर्नियात, रिचमंडला कॅसेट-सीडींचं दुकान टाकलं. नो लिमिट हे मुळात त्या दुकानाचं नाव. गिऱ्हाईक काय मागतं ते गल्ल्यावर बसून कळलं. ९६ मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी वितरणाचा करार केला तो असा की मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी याच्याकडेच आणि मिळकतीतले ८५ टक्केही याचेच. त्या काळात नवख्या कलाकाराच्या हाती चिल्लर पडायची. शिवाय संगीतकार घरचे, पाहुणे रॅपर घरचे, म्हणजे खर्च कमी. अशा वेळी माणूस पाच अल्बमवर थांबेल कशाला? भरताड आलं ते इथूनच, पण सोल्जा स्लिमसारख्याचा अल्बम देशभर पोचला तोही यामुळेच.

कव्हरं ह्यूस्टनच्या पेन अँड पिक्सेलची, ब्राउक बंधूंची कंपनी. आज कोणी हसो, पण दुकानातल्या रॅकवर दहा फुटांवरून ओळखू यायची.

रातांबा
बापरे, काय माणसं आहात! दोन शंका. गाडीत वहिनी आणि भाचे असणार. शब्दांचं काय? आणि यात बायका फक्त कव्हरवर आहेत की कोणी गायलंयसुद्धा?

सुरंगीचा_गजरा
दुसऱ्या शंकेसाठीच लॉगिन केलं. मिया एक्स! न्यू ऑर्लिन्समध्ये पीचेस नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होती, तिथून लेबलवर आली. 'अनलेडी लाइक' (९७) घ्याच. त्या सगळ्या पुरुषांच्या घोळक्यात ही घरातल्या मोठ्या वहिनीसारखी उभी राहते. आवाज चढवत नाही, पण समोरचा गप्प बसतो.

'अनप्रेडिक्टेबल' मात्र मी सुचवणार नाही. २००३ मध्ये मिस्टिकलने लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कोर्टात कबूल केला. गाणं कितीही उत्तम असो, माझ्या यादीत तो नाही. तुझं तू ठरव.

बॅटन रूजसाठी यंग ब्लीडचा ९८ चा अल्बम टाक. तो तिथलाच, दादाच्या ओळखीचे रस्ते त्यात असतील. ओढून ओढून, निवांत बोलतो.

गंबो_भात
मिस्टिकलचं मान्य. रातांबा, माझ्या यादीतून तेवढा वगळलास तरी चालेल.

शब्दांचं: प्रत्येक अल्बमची शिव्या गाळलेली 'एडिटेड' आवृत्ती शोध, पण ती म्हणजे डाळ काढलेली आमटी. 'गेटो डी'चं पहिलं गाणं तर पोरं गाडीत असताना अजिबात नको, त्यात क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) कसं शिजवायचं त्याची कृतीच आहे. दोन फोल्डर कर, 'घरचे' आणि 'एकटा'.

झांजपथक
सिल्क द शॉकरला वगळा ही नम्र विनंती. गडी तालाच्या कधी पुढे, कधी मागे, तालात कधीच नाही.

खतावणी
@झांजपथक, 'चार्ज इट टू द गेम' माझ्या आवडीचा आहे, हलकेच घेतो.

कोपऱ्यातली_खुर्ची
रुमाल उचलतोय. 'आय मिस माय होमीज' राहिलं. तेही 'गेटो डी'वरच आहे. मास्टर पीचा भाऊ केव्हिन १९९० मध्ये मारला गेला, ते दुःख त्यात आहे. पंचवीसेक वर्षांनी ऐकलं तर यादी वाढलेली. सोल्जा स्लिम २००३ मध्ये गोळीबारात गेला. दुसरा भाऊ सी-मर्डर २००२ च्या एका खुनासाठी जन्मठेप भोगतोय. लेबलनेही २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळे भाऊ वाढले ती कॅलिओप वसाहत (तिथले लोक 'कॅलिओ' म्हणतात) कत्रिना वादळानंतर पाडली. हे गाणं 'एकटा'मध्ये ठेव.

रातांबा
धागा वर काढतेय, अहवाल द्यायचाय.

पेनड्राइव्ह दिला. दादाने 'एकटा' फोल्डरवर बोट ठेवून विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, ओळखीचे आहेत. शनिवारी सगळे गुहागरला निघालो. पाटण येईपर्यंत भाच्यांची गाणी झाली, कुंभार्लीच्या घाटात दादाने 'घरचे' लावलं. तर्री सुरू झाली तशी त्याची बोटं स्टिअरिंगवर नाचायला लागली. वहिनी बघतच राहिली, तिने हा माणूस कधी पाहिलाच नव्हता. मग ते 'अंऽऽऽ' आलं, आणि स्पीकरच्या बरोबरीने दादाही कण्हला.

मागच्या सीटवर आईला डुलकी लागली होती. डोळे न उघडता म्हणाली, "पर्समध्ये ओवा आहे बघ."