अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि इंग्रजी : आपण प्रत्यक्षात काय केले?

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि अकरावी-बारावीचे विज्ञान तर बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच असते. तरीही बारावीला गणितात उत्तम गुण मिळवलेली मुले अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गप्प होतात, हे मी वर्गात उभी राहून दरवर्षी पाहते. सीईटीच्या तयारीत योग्य पर्यायावर खूण करता आली की भागते, स्वतःचे एक वाक्यही रचावे लागत नाही. पुढे मात्र उत्तर लिहायचे असते, जर्नल पूर्ण करायचे असते, तोंडी परीक्षेत बोलायचे असते, आणि तिथे ही मुले अडखळतात. ज्यांनी हे वर्ष पार केले आहे किंवा जे या मुलांना शिकवतात, त्या सर्वांना विनंती आहे की त्यांनी आपला अनुभव लिहावा. 'भरपूर वाचावे' असा सल्ला मुलांना हवा तेवढा मिळतो. आपण कोणते काम, किती दिवस आणि कसे केले, ते तपशिलाने यावे. सुरुवात माझ्यापासून करते.

उपयोजित यंत्रशास्त्राच्या प्राध्यापिका, मराठवाडा

शिडीचे गणित पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतेच. शिडी भिंतीला टेकलेली असते, भिंत 'स्मूथ' असते आणि जमीन 'रफ' असते. एका चाचणीत वर्गातल्या एका हुशार मुलाने भिंतीपाशीही घर्षणबल दाखवले. त्यामुळे त्याच्यासमोर तीन समीकरणे आणि चार अज्ञाते झाली, आणि अर्धा तास खाडाखोड करून त्याने तो प्रश्न सोडून दिला. मी त्याला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, भिंत गुळगुळीत आहे म्हणजे घर्षण कमी असणार, पण थोडे तरी असेलच ना?" त्याचे व्यवहारज्ञान बरोबर होते. आमच्या विषयात 'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य धरायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगायचे काम माझेच होते.

तेव्हापासून पहिल्या दोन आठवड्यांत मी असे शब्द गोळा करून घेते. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे वजन नसलेली दोरी, 'अ‍ॅट रेस्ट' म्हणजे स्थिर, 'इम्पेंडिंग मोशन' म्हणजे वस्तू आता सरकेल अशा बेतात असण्याची स्थिती, 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे त्याच क्रमाने. 'मोमेंट' आणि 'मोमेंटम' हे शब्द तर मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून त्यांखाली आघूर्ण आणि संवेग असे मराठी शब्द देते, कारण मराठीत त्यांचा गोंधळ होणे शक्यच नाही. अशी यादी साठ-सत्तर शब्दांच्या पुढे जात नाही. मुलांना इंग्रजी येत नाही असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा पुष्कळदा एवढेच साठ-सत्तर शब्द अडलेले असतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

यंत्र अभियंता, चाकण (दहावीपर्यंत मराठी माध्यम, हिंगोली जिल्हा)

मॅडमनी लिहिलेल्या यादीत मला एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. आठवीपासून सेमी-इंग्रजी असल्यामुळे 'फ्रिक्शन', 'व्हेलॉसिटी', 'इंटिग्रेशन' अशी नामे मला येत होती. त्यांना जोडणारे शब्दच येत नव्हते. 'म्हणून', 'त्याऐवजी', 'या अटीवर', 'हे नगण्य मानल्यास' असे काही सांगायची वेळ आली की माझे वाक्य तिथेच तुटायचे.

वसतिगृहात माझा रूम पार्टनर अकोल्याचा होता आणि त्याचीही अवस्था अशीच होती. मेसमधून जेवून आलो की आम्ही दोघे त्या दिवशी वर्गात झालेले एकेक गणित एकमेकांना इंग्रजीतून समजावून सांगायचो. वेळ प्रत्येकी पाच मिनिटे होती आणि आम्ही ती घड्याळ लावून पाळायचो. आमचा नियम असा होता की शब्द अडला तर मराठी शब्द वापरून पुढे जायचे, थांबायचे नाही. मात्र तो शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्याच शब्दाच्या वाक्याने करायची. त्या पानावरचे पहिले पाच शब्द मला अजून आठवतात : देअरफोर, सिन्स, व्हेअरअ‍ॅज, निग्लेक्टिंग आणि प्रोव्हायडेड दॅट. चुका दुरुस्त करणारे तिसरे कोणी नव्हते, त्यामुळे आमचे व्याकरण फारसे सुधारले नाही, हे मी मान्य करतो. पण दिवाळीच्या सुटीपर्यंत सलग बोलण्याची भीती गेली आणि सत्राअखेरच्या ओरलमध्ये मी पहिल्यांदा पूर्ण उत्तर दिले. 'आय डिडन्ट वेंट' अशी चूक मी तिसऱ्या वर्षापर्यंत करत होतो. त्या चुकीमुळे माझे काहीही अडले नाही.

संगणक शाखेची विद्यार्थिनी, तृतीय वर्ष

पहिल्या महिन्यात गणिताच्या तासाला मला फळ्यावरचा प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला होता. 'डिटर्मिन' हा शब्द मी 'डिटरमाइन' असा वाचला आणि वर्ग हसला. शिक्षकही हसले, आणि मला तेच जास्त लागले. त्यानंतर ते सत्र संपेपर्यंत मी एकही शंका विचारली नाही आणि त्या विषयात माझी केटी लागली, म्हणजे मी नापास झाले आणि तो विषय पुन्हा द्यावा लागला. ज्या मुलीने तो शब्द शेकडो वेळा वाचलेला आहे पण एकदाही ऐकलेला नाही, ती तो तसाच उच्चारणार, यात हसण्यासारखे काय आहे, हे मला आजही कळत नाही.

सुटीत घरी असताना मी एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाची व्याख्याने ऐकायला लागले. ती आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीतले प्राध्यापक देतात, त्यांचे उच्चार आपल्याकडचेच असतात आणि खाली उपशीर्षके लावता येतात. मी एक व्याख्यान आधी उपशीर्षकांसह आणि नंतर त्यांच्याशिवाय ऐकायचे, आणि आपण वेगळे वाचत होतो असा शब्द आला की तो देवनागरीत लिहून ठेवायचे. मराठी लिपीत उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो, ही आपली फार मोठी सोय आहे. 'कंपोनंट', 'अ‍ॅनॅलिसिस' आणि 'अ‍ॅनलाइझ', 'इक्विलिब्रियम' हे सगळे शब्द त्या वहीत आहेत. केटी पुढच्या परीक्षेत सुटली.

कम्युनिकेशन स्किल्सच्या अध्यापिका, ठाणे जिल्हा

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात आमचा विषय दुसऱ्या सत्रात आणि पुन्हा पाचव्या सत्रात येत असे. म्हणजे मुलांना ज्या पहिल्या सत्रात त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या सत्रात तो नसायचा. ही रचना मला पटत नव्हती, परंतु ती माझ्या हातात नव्हती.

माझ्या हातात जे होते त्यात मी एक बदल केला. मुले भौतिकशास्त्राचे जर्नल सिनिअरच्या जर्नलवरून उतरवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या जर्नलमध्ये 'द रीडिंग वॉज टेकन' अशी वाक्ये मुले वर्षभर हाताने लिहितात, आणि माझ्या तासाला मात्र कर्मणी प्रयोग ओळखा म्हटले की त्यांना तो ओळखता येत नाही. म्हणून मी व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्ये बंद केली आणि प्रयोगशाळेतून स्क्रू गेज, म्हणजे तारेची जाडी मोजायचे साधन, मागवून घेतला. चार-चार मुलांच्या गटाने त्या साधनाने एकदा माप घ्यायचे आणि आपण काय केले ते सहा वाक्यांत लिहायचे. सिनिअरचे जर्नल पाहायचे नाही. पहिल्या वेळी एका गटाने लिहिले होते, 'वायर इज कीप इन स्क्रू गेज अँड टाइट.' त्या वाक्यात काय घडले ते पूर्ण कळते, फक्त क्रियापदाचे रूप चुकले आहे. मी ते वाक्य खोडले नाही, त्याखाली सुधारलेले वाक्य लिहिले आणि दोन्ही मोठ्याने वाचायला लावली. अशी आठ उपकरणे झाली तेव्हा मुलांनी स्वतःहून विचारले की भौतिकशास्त्राचे जर्नलही असेच स्वतः लिहिले तर चालेल का. त्या विषयाच्या शिक्षकांनी होकार दिला. सर्वांनी तसे लिहिले नाही, पण साठांपैकी अकरा मुलांनी लिहिले.

डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्षाला आलेला विद्यार्थी, कोल्हापूर

आम्हाला पदवीचे पहिले वर्षच नसते, त्यामुळे या सगळ्यासाठी वेळ मिळत नाही. वर्कशॉपमुळे अवजारांची आणि भागांची नावे आम्हाला पक्की असतात. माझी अडचण फक्त लांब उत्तरे लिहिण्याची होती. जुन्या प्रश्नपत्रिकांतला रोज एक प्रश्न घेऊन पुस्तक मिटून उत्तर लिहिले, असे सुमारे तीन महिने केले. दुसरे काही केले नाही.

निवृत्त प्राध्यापक, नाशिक

इथे एक वेगळा मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. 2021-22 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाला परवानगी दिली आहे. मराठीतून शिकवल्यास मुलांचे इंग्रजी मागे पडेल, ही भीती पालक मला बोलून दाखवतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. मी अनेक वर्षे विद्युत अभियांत्रिकीचे मूलभूत नियम आधी मराठीतून शिकवले आणि मग तोच भाग इंग्रजीतून पुन्हा घेतला. विभवांतर म्हणजे काय हे ज्याला मनातून उमगले, त्याला 'पोटेन्शियल डिफरन्स'वर इंग्रजीत चार वाक्ये लिहिणे जड गेले नाही. ज्याला ते उमगलेच नव्हते, त्याने इंग्रजी व्याख्या पाठ केली आणि उपप्रश्न विचारताच तो गप्प बसला. वेळ दीडपट लागतो, हे मात्र खरे आहे, आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत हा वेळ सहसा कोणी देत नाही.

स्थापत्य अभियंता, सोलापूर

पहिल्या वर्षातल्या मुलांना पुढे काय वाचावे लागते, ते कळावे म्हणून लिहितो. भारतीय मानकांत 'शॅल' म्हणजे बंधनकारक आणि 'शुड' म्हणजे शिफारस. शाळेत मी 'शॅल' हा भविष्यकाळ म्हणून शिकलो होतो. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकात कॉलमच्या उभ्या सळईवरचे काँक्रीटचे आवरण 'शॅल नॉट बी लेस दॅन 40 मिलिमीटर' असावे अशा अर्थाची तरतूद आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात साइटवर मी 'नॉट' आणि 'लेस' हे दोन्ही नकार एकत्र वाचून घोटाळलो, चाळीसपेक्षा जास्त नको असा अर्थ लावला आणि फिटरला 25 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक बांधायला सांगितले. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठांनी ते पाहिले, म्हणून सगळे ब्लॉक बदलता आले.

माझी पुतणी यंदा पहिल्या वर्षाला आहे. तिला मी एका कागदावर संख्यारेषा काढून दिली आहे. 'नॉट लेस दॅन', 'अ‍ॅट लीस्ट', 'नॉट एक्सीडिंग', 'अप टू' आणि 'विदिन' यांतल्या प्रत्येकासाठी चाळीसच्या कोणत्या बाजूला रंग भरायचा, ते ती स्वतः ठरवते आणि मला कागदाचा फोटो पाठवते. पहिल्या दिवशी पाचांपैकी दोन बरोबर आले होते, काल पाचही आले.